ओलांडणीचा हरेवा

२ जून
पालुपीचं लग्न ठरलं. माझी धाकटी बहीण. नवरा जातमिको, वोनोगिरीचा, मोटरसायकलचे सुटे भाग विकतो. लग्नानंतर ती तिकडे राहायला जाणार.
मी रागावलेले नाही. नोंद असावी म्हणून लिहिते.
आमच्या जावात धाकटीने थोरलीला ओलांडून लग्न करायचं तर थोरली मागेल ती ओलांडणीची भेट द्यावी लागते. मावशीने आत्ताच गल्लीभर सांगितलं की वनिंग, म्हणजे मी, फ्रिज मागणार. मूर्ख बाई. मी शांत डोक्याने ठरवीन.

६ जून
मागितली. जातमिकोचा हरेवा पक्षी, सुलतान. पाचूसारखा हिरवा, गळा काळाकुळकुळीत. जिल्ह्याच्या गाण्याच्या स्पर्धेत पहिला आलेला. रात्री पिंजरा त्याच्या उशाशी असतो म्हणे.
तर्क सरळ आहे. पाखरांचा शौकीन आपला पक्षी देत नाही. तो नाही म्हणेल. मग पालुपीला आपोआप कळेल की तिचा नंबर कितवा. लग्न लांबणीवर पडेल, दोष कुणाचाच नाही. यात माझा वैयक्तिक हेतू काही नाही.
पालुपी म्हणाली, म्बाक, त्यापेक्षा त्याची किडनी माग ना, त्या निदान दोन आहेत.
म्बाक म्हणजे ताई. आज ती हा शब्द दात आवळून म्हणाली.

७ जून, सकाळी
पक्षी आला. आंघोळ घातलेला. सोबत नाकतोड्यांचा डबा आणि केळ्यांचा फणा. जातमिकोचे डोळे लाल.
म्हणाला, म्बाक, फार पिकलेली पपई याला चालत नाही. रागावला की बोट फोडतो, पण मनातून नाही. (मला म्बाक म्हणतो. माझ्याहून मोठा आहे.)
नक्की देतोयस ना, असं मी विचारलं. त्यावर म्हणाला, पालुपी एकच आहे, सुलतानही एकच आहे, पण सुलतान चहा करत नाही. पालुपी हसली. इबूही हसली. आईने तरी हसू नये.
आठवड्यात परत मागायला येईल. तेव्हा बघू.

११ जून
सुलतान गप्प. व्हरांड्यात ऑफिसचा चांगला मायक्रोफोन टांगला. आवाज मोजणं हा माझा पेशा आहे. कारखान्यांना मी दंड लावलेत. रेकॉर्डिंगमध्ये फक्त शेजारच्या पाक दार्सोनोंचं खाकरणं.
पाक दार्सोनो भिंतीवरून म्हणाले, काय इंजिनिअरबाई, सुलतानाला मौनव्रत दिलंत का? इबू म्हणते, नवी सून सासरी आलीय, बोलेल हळूहळू.
बोट फोडलं. मनातूनच फोडलं.
निश्चय: रविवारपर्यंत गाईल. वेळापत्रक केलं आहे.

१५ जून
रविवार. गात नाही, खातही नाही. पिसं फुगवून बसलाय. इबूने मला न विचारता फोन केला. जातमिको दीड तास मोटरसायकल हाणत आला, पाण्याचा फवारा मारला, शीळ घातली.
सुलतानाच्या डोक्यावरची पिसं उभी, पंख पसरलेले, आणि एका दमात बुलबुल, सुतारपक्षी, खार, कुणाकुणाची नक्कल. गल्ली गोळा झाली. आवाजाचं मीटर बघितलं. कारखाना असता तर दंड लावला असता.
इबूने जातमिकोला तळलेली केळी दिली. मला विचारलं नाही.
अट घातली: रोज पहाटे यायचं, आंघोळ घालायची, जायचं. घरात शिरायचं नाही. लगेच हो म्हणाला. उत्तम. रोज एवढी रपेट कोण करतं? थकेल. लग्नापर्यंत टिकत नाही.

२९ जून
थकला नाही. वजन वाढलंय. इबू त्याला व्हरांड्यात भात आणि सोयाबीनचं टेम्पे वाढते. व्हरांडा घरात धरत नाहीत, म्हणते.
आज त्याने माझ्या मायक्रोफोनचा स्टँड न विचारता दुरुस्त केला. चांगला केला. चीड आली.

१२ जुलै
लग्न. पालुपीने माझ्या गुडघ्यांवर डोकं टेकवलं. मी सगळ्यांसमोर म्हणायचं होतं: जा, माझी परवानगी आहे. वाक्य पाठ होतं. आवाज निघाला नाही. मोगऱ्याची ॲलर्जी आहे मला. लोकांना वाटलं रडतेय.
पालुपी खालून कुजबुजली, म्बाक, बोल गं, पायाला मुंग्या आल्या.
मग म्हणाले. आवाज थोडा वर गेला. वाजंत्री थांबली. मावशीने शेजारणीला विचारलं, ही परवानगी होती की शिवी?
असो. परवा दोघं वोनोगिरीला. पक्षी माझा. घर शांत.

१४ जुलै
गेले नाहीत.
इबूने ठरवलं. पहाटे पक्ष्यासाठी येणार, रात्री बायकोसाठी जाणार, पोराने झोपायचं कधी? इथेच राहा. जातमिकोने म्हणे मानसुद्धा पूर्ण हलवली नाही, तोवर त्याची बॅग आत आली. धंदा इथूनही होतो.
शिवाय सुलतानाला सकाळचं ऊन लागतं. ते फक्त माझ्या खोलीत येतं. मी आता मागच्या खोलीत, तांदळाच्या पोत्यांशेजारी. आवाज इथेही पोचतात. दोघांचे, आणि सुलतानाचा.
मी निषेध नोंदवला. पक्षी मी मागितला होता, माणसं नाही.
जातमिको दारात उभा होता, हातात माझी उशी. अगदी मनापासून म्हणाला, म्बाक, पक्षी तुझाच आहे. आम्ही फक्त त्याच्याबरोबर आलोय.