विळा आणि छत्री

काफलडांडा, २ चैत, वि. सं. २०५५

चि. कान्छास दिदीचे अनेक आशीर्वाद.

तू पुन्हा निवडणुकीला उभा राहतो आहेस हे रेडिओवर कळलं. सख्ख्या बहिणीला रेडिओवरून कळावं, एवढा मोठा झालास! मंत्री होतास तेव्हा तुझ्या पोलिसांच्या पलटणीसाठी ढिंडोचं पीठ घोटून घोटून माझे हात भरून आले होते. आता नुसता माजी मंत्री आहेस, तर निवांत राहायला ये.

प्रचाराची काळजी करू नकोस, ती मी अंगावर घेतली आहे. मतपत्रिकेवर नावं नसतात, नुसती चित्रं, म्हणून म्हाताऱ्यांचा गोंधळ उडतो. मी सुपावर कोळशाने विळा काढून घरोघर फिरते आणि अर्ध्या बटाट्याने शिक्का मारून दाखवते. जसमती राई तर आता झोपेतही विळ्यावरच शिक्का मारील.

सोबत गुंद्रुक पाठवते आहे, पाला मीच आंबवून वाळवला. एकट्याने संपवू नकोस, भावजयीलाही दे. माया असू दे.

तुझी, दिदी

काठमांडू, ११ चैत २०५५

ती. दिदीच्या चरणी कान्छाचा सा. न. वि. वि.

गुंद्रुक पोचलं, पत्रही पोचलं. दिदी, काय करून ठेवलंस हे! पक्ष फुटला ते रेडिओवर ऐकलं नाहीस का? विळा जुन्या पक्षाकडे राहिला. मी नव्या पक्षात आहे आणि आमचं चिन्ह छत्री. तू घरोघर फिरून माझ्या विरोधकाचा प्रचार केलास. तो म्हणे तुला हार घालायला येणार आहे.

जुना पक्ष का सोडला असं विचारशील. सभेत मी तत्त्वाचा प्रश्न म्हणून सांगतो. तुला खरं सांगतो, थोडा तत्त्वाचा होता आणि बराचसा उमेदवारीचा. ती त्यांनी मला नाकारली. आता ही जागा गेली तर माझं राजकारण संपलं, आणि मला दुसरं काहीच येत नाही. हात जोडतो, सुपावर छत्री काढ.

रागावलीस तरी चालेल, पण दूर लोटू नकोस.

तुझा, कान्छा

काफलडांडा, २४ चैत २०५५

चि. कान्छास आशीर्वाद.

पक्ष फुटल्याचं ऐकलं होतं रे, पण तू असशील तिकडेच विळा असणार असं मी धरून चालले. सूप धुतलं, छत्री काढली, पुन्हा दारोदार गेले. बायका हसून हसून लोळल्या. जसमती म्हणाली की विळा आमच्या हातात रोज असतो, छत्री मात्र मंत्री आले तेव्हा पाहिली, पोलीस त्यांच्या डोक्यावर धरून चालत होता.

वर तिने तुझेच शब्द ऐकवले. माणूस बघू नका, उद्या मी वाकडा चाललो तरी विळा सोडू नका, असं तू पक्षावर बंदी असताना तिच्या मक्यात लपून राहायचास तेव्हा सांगायचास म्हणे. जिने तुला पोलिसांपासून वाचवलं, तिला मी कुठल्या तोंडाने समजावू? तू स्वतः ये. गाडी खालीच सोड आणि चढ चढून ये.

आठवड्याने वैशाख आणि नवं वर्ष लागेल, त्याच्या आत ये. वाट पाहते. तुझी, दिदी

काफलडांडा, १२ जेठ २०५६

चि. कान्छास अनेक आशीर्वाद.

निकाल ऐकला आणि चुलीपुढे बसून रडले. तू धापा टाकत चढ चढून आलास, जसमतीकडे ढिंडो खाल्लास, जुन्या आठवणी काढल्यास. तिने पोटभर वाढलं आणि शिक्का मारला विळ्यावरच. तिचा राग करू नकोस, तू शिकवलंस तेच तिने केलं.

आता माझं ऐक. मतदानाला आत गेले तर हात आपोआप विळ्याकडे जाऊ लागला. तू तुरुंगात होतास तेव्हा त्या विळ्यापायी मी लाठ्या खाल्ल्या आहेत, दुसरीकडे शिक्का मारणं ठाऊकच नव्हतं. इतका वेळ लावला की बाहेरचे साहेब खाकरले. शेवटी डोळे मिटले आणि छत्रीवर मारला.

मत गुप्त असतं असं तू सांगितलं होतंस. आमच्या पेटीत छत्रीला एकच मत निघालं! पाण्याला गेले की बायका आभाळाकडे बघतात आणि आज पाऊस येणार का म्हणून मलाच विचारतात.

राजकारण संपलं असेल तर संपू दे, तू घरी ये. त्या सगळ्यांच्या देखत तुला बरोबर घेऊन पाण्याला जायचं आहे मला.

तुझीच, दिदी