एका बाणासाठी अख्खं पॅकेज

सोमवार, ३ फेब्रुवारी

कोणीतरी माझ्या मास्टर्सच्या प्रबंधाला हात लावलाय.

मुख्य प्रमेयात मी ‘लहान किंवा समान’ लिहिलंय — कोनासारखं चिन्ह आणि खाली आडवी रेघ. माझ्या मार्गदर्शक राउटिओबाईंकडून आज परत आलेल्या छापील प्रतीत ती रेघच नाही! नुसतं ‘लहान’. म्हणजे जे मी सिद्ध केलेलंच नाही, ते ठणकावून सांगतेय. आणि बाईंनी नेमक्या त्याच ओळीला हिरव्या शाईनं चौकट केलीय. ‘समानतासुद्धा नाही? वा! सिद्धता अजून वाचायची आहे, पण हे खरं असेल तर पीएच.डी.च्या जागेसाठी मी स्वतः शब्द टाकीन.’

ती जागा मला हवी आहे. किती हवी आहे ते इथेसुद्धा लिहवत नाही.

पण अशी नको.

आमच्या खोलीची रीत आहे — सगळ्यांच्या फाइली एकाच सामायिक फोल्डरमध्ये. एकमेकांचं तपासता यावं म्हणून. कोणी कधी काय बदललं तेही दिसतं. बघितलं. शुक्रवारी माझी फाइल उघडली होती लॉर्ननं!

मंगळवार, ४ फेब्रुवारी

लॉर्न मॅकातीर. पलीकडच्या टेबलावर बसतो, दुसऱ्या प्राध्यापकांकडे पीएच.डी. करतो, आम्हा सगळ्यांत जुना. गेल्या आठवड्यापर्यंत माझ्यासाठी कॅन्टीनमधून गुलाबी आयसिंगचा पर्शियन बन आणायचा. आता मी आत आले की समोरचे कागद पालथे घालतो. का?

त्यानं प्रमेयाला हात लावलेला नाही, एवढा हुशार आहे. वर, अगदी सुरुवातीला — जिथे कुठली पॅकेजं, म्हणजे चिन्हांचे तयार संच, वापरायची ते लिहितात — तिथली माझी एक ओळ काढून स्वतःची घातलीय. ती ओळ मी दोन आठवड्यांपूर्वीच घातली होती. त्या पॅकेजमध्ये एक बाण आहे, लांब, टोकाशी नाजूक वळलेला. पूर्ण प्रबंधात तोच मला मनासारखा छापून आलाय.

त्याची ओळ खोडली. माझी परत घातली. छापून पाहिलं.

रेघ नाही! म्हणजे आणखी कुठेतरी त्यानं काहीतरी पेरून ठेवलंय.

बुधवार, ५ फेब्रुवारी

बाबांचा फोन. गोदीवर धान्याच्या कोठारातून सुटून आले होते, आवाजात धूळ. त्यांना लॉर्नचं सांगितलं, आणि हेही की आम्ही ज्यात गणित टाइप करतो त्या लेटेकमध्ये चिन्हं काढायची नसतात, त्यांची नावं लिहायची. कुठल्या नावाला काय छापायचं ते यंत्राला पॅकेज शिकवतं.

“आणि त्यातलं एक नाव त्या पोरानं चोरलं?”

“नाव नाही बाबा. रेघ.”

“रेघ!” हसत सुटले. “अगं, कोण चोरेल तुझं? ते वाचायला तरी कोणाला येतंय!”

मग हसायचे थांबले. म्हणाले, “बाहेरचे परीक्षक वाचतील ना पण?”

हो. सतराला प्रत त्यांच्याकडे जायची आहे. ते पहिल्या पानावरच विचारतील — सिद्धता कुठे आहे? मग कसली जागा आणि कसलं काय. आणि नेमकं तेच कोणाला तरी हवं असेल तर? जागा एकच आहे. लॉर्नला त्याच्याशी घेणं नाही, पण त्याच्या एखाद्या मित्राला असेल. माणसं मित्रांसाठी काहीही करतात.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

परत बदललीय! तीच ओळ. मी परत घातली. या खेपेला छापूनही पाहिलं नाही, इतका राग आला होता.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

विचारलंच. खोलीत दोघंच होतो.

“माझ्या फाइलीत तुझं काय काम?”

त्यानं मान वर केली नाही. “बाण हवा होता ना तुला? मग बाणच घ्यायचास. अख्खं पॅकेज कशाला ओतलंस?”

“माझ्या फाइलीत काय घ्यायचं ते मी ठरवीन.”

“ते दिसतंच आहे.”

“म्हणजे?”

“काही नाही.” मग पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं, एकटक, जणू मीच काहीतरी केलंय! “डार्का, मी दोनदा नीट केलं. दोन्ही वेळा तू पुसलंस. का?”

उलट मलाच! मी कोट उचलून निघाले. दारापर्यंत आले तर मागून म्हणाला, “ती ओळ काढून बघ. एकदाच.”

तळ्याकाठी चालत राहिले. बर्फावर मासेमारांच्या झोपड्या, एकातून रेडिओवरची हॉकी. नाक बधिर झालं. सोमवारी बाईंकडे तक्रार करणार. ठरलं.

रविवार, ९ फेब्रुवारी

तक्रारीसाठी पुरावा हवा. म्हणून ओळ काढली.

रेघ आली.

परत घातली. गेली.

पाच-सहा वेळा केलं. दर वेळी तेच. त्या पॅकेजमध्ये माझ्या बाणासोबत शेकडो चिन्हं आहेत, आणि त्यात मी वापरते त्याच नावाचं एक आहे — त्यांचं, रेघ नसलेलं. पॅकेज आलं की माझं चिन्ह हटवून स्वतःचं बसवतं. कुठे चूक दाखवत नाही, इशारा देत नाही.

लॉर्नची ओळ आता नीट वाचली. ती यंत्राला इतकंच सांगते: या पॅकेजमधला हा बाण घे, बाकी कशाला हात लावू नकोस. बाण तितकाच सुरेख. रेघ जागेवर.

मी काय काय लिहिलंय वर! मित्र म्हणे.

सोमवार, १० फेब्रुवारी

तक्रारीसाठी ठरवलेल्या वेळेलाच बाईंकडे गेले. सगळं सांगितलं. माझं प्रमेय त्याहून कमी सांगतं, चौकटीतलं माझं नाही.

त्यांनी चष्मा काढून पुसला. “तुम्हा पोरांना एक वस्तू पुरत नाही, सगळं दुकान हवं असतं.”

“आणि जागा, बाई?”

“समितीला आज कळवते की मी घाई केली. पुढचं त्यांच्या हातात.” मग जरा मऊ झाल्या. “‘लहान किंवा समान’ हेही प्रमेयच असतं, डार्का.”

जिन्यात बसून रडले. थोडंच.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लॉर्नची माफी मागितली. बाईंना सांगितलं तेही सांगितलं. त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, “स्वतःहून सांगितलंस?”

“मग काय करणार होते?”

खिडकीबाहेर बघत राहिला. आता याला आणखी काय हवंय?

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

आज लॉर्ननं स्वतःच्या प्रबंधाचं एक प्रकरण माझ्या टेबलावर आणून ठेवलं. प्रमेय माझंच, पण रेघेशिवाय. खाली पूर्ण सिद्धता — डिसेंबरमधली. अजून कोणाला दाखवलेली नव्हती. प्रिंटरवर माझी प्रत पडलेली त्यानं पाहिली होती, आणि मी ते सामायिक फोल्डरमधल्या त्याच्या फाइलीतून उचललं असं त्याला वाटलं. पॅकेजनं रेघ खाल्लेली सापडल्यावर ती शंका कमी झाली, पण पुरती गेली नाही. मी दोनदा त्याची ओळ पुसली, तेव्हा त्याची खात्रीच पटली की मी चोर आहे.

आणि तरी त्यानं मला इतकंच सांगितलं होतं — ओळ काढून बघ.