उरलेल्या शंभर टक्के

सोमवार, ३ मार्च. सकाळी ७.४०
साडेपाचला उठायचं ठरलं होतं. गजर वाजला. बंद कोणी केला ते कळलं नाही. बायको म्हणते, मीच. असो. आजपासून नवं पर्व. पीएच.डी.चं सहावं वर्ष संपत आलंय. २ एप्रिलला समिती बसणार. निकाल दाखवला तर एक वर्ष वाढवून मिळेल, नाहीतर यादीतून नाव कमी. बायकोने स्वच्छ सांगितलंय की समितीने वर्ष दिलं तर ठीक, नाही दिलं तर तिच्याकडूनही मिळणार नाही, सरळ नोकरी शोधायची. घाबरायचं कारण नाही. तीस दिवस हातात आहेत आणि डिझाइन डोक्यात तयार आहे.

संकल्प: साडेपाचला उठणे. प्रयोगवही रोजच्या रोज लिहिणे (फेब्रुवारीची आठवून लिहायची आहे). लॅबमधल्या धाकटीशी वाद न घालणे.

मंगळवार, ४ मार्च
छोटीने विचारलं की बाबा, तू तिथे नक्की करतोस काय. वय वर्षं सात, म्हणून सोपं करून सांगितलं. पॉलिमरची लांब साखळी बनवायची. तिचं एक टोक पाण्यावर जीव टाकणारं, दुसरं पाण्याला घाबरणारं. अशा कोट्यवधी साखळ्या पाण्यात सोडल्या की घाबरट टोकं एकमेकांना बिलगून आत लपतात आणि आपोआप एक गोळी तयार होते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढी. तिच्या पोटात जीन ठेवायचा. गोळी पेशीत शिरते, जीन पोचवते, पेशंट बरा.
ती म्हणाली की सगळं आपोआप होतं तर मग तू काय करतोस. आईवर गेलीय.

शुक्रवार, ७ मार्च
साखळी क्रमांक एक्केचाळीस. पाण्यात सोडली. गोळ्या नाहीत. कुपीच्या तळाशी पांढरा गाळ. आकार मोजायच्या मशीनवर ठेवली. शंभर नॅनोमीटर यायला हवं, आलं साडेचार हजार. परत मोजलं, नऊ हजार. म्हणजे मशीनला स्वतःलाच धड ठाऊक नाही. म्हातारं झालंय.

धाकटी (लॅबमधली सगळ्यात नवी, तिसरं वर्ष, मला दादा म्हणते आणि वागते मोठ्या बहिणीसारखी) डोकावून म्हणाली की दादा, या गोळ्या नाहीत, हे गठ्ठे आहेत. वर म्हणाली की साखळीवर धन भार फार झालाय, कमी करा, नाहीतर पेशी मरतील. जीनवर ऋण भार असतो, त्याला धरून ठेवायला साखळीवर धन भार लागतो, हे मी ती शाळेत असल्यापासून जाणतो. वाद घातला नाही. भार वाढवला.

रविवार, ९ मार्च
लॅबला जाणार होतो, पेशींना खाऊ घालायला. गेलो नाही. छोटीचं अभ्यासाचं टेबल महिनाभर खोक्यात सुटं पडलंय, ते आज जोडून टाकतो म्हणून बायकोला शब्द दिला. आधी माहितीपत्रक नीट वाचायला घेतलं. वाचता वाचता डोळा लागला. उठलो तर टेबल उभं. दोघींनी मिळून केलं. एक पाय किंचित लंगडा आहे, हे मी लक्षात आणून दिलं. कोणी आभार मानले नाहीत.

बुधवार, १२ मार्च
साखळी बेचाळीस. गाळ नाही! पाणी नुसतं दुधी. मशीनवर ठेवली नाही. त्या मशीनच्या मतावर किती दिवस जगायचं? आता थेट पेशींवर.

चाचणीला जो जीन वापरतो तो पेशीत पोचला की निळ्या दिव्याखाली पेशी हिरवी चमकते. चमकली तर जीन पोचला, नाहीतर नाही. इतकं सरळ. सहा वर्षांत माझ्या पेशींनी एकदाही चमकायची तसदी घेतलेली नाही.

शुक्रवार, १४ मार्च
माझ्या पेशींच्या बाटलीत बुरशी. सगळ्या गेल्या. त्यांना खाऊ घालायला रविवारी गेलो नव्हतो, पण बुरशीचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. नवीन पेशी मागवायच्या तर तीन आठवडे. जरा कुठे घोडं पुढे जायला लागलं की माशी शिंकतेच. सरांना कळवायला फोन केला. सर परदेशी परिषदेला. लागला नाही. बरंच झालं.

सोमवार, १७ मार्च
मार्ग सापडला. पेशी वाढवायच्या उबदार कपाटात दुसऱ्या फळीवर धाकटीची बाटली होती. झाकणावर हिरवी टिकली. हिरवी म्हणजे वापरायला हरकत नाही, एवढं तर चौकातल्या सिग्नललाही कळतं. धाकटी या आठवड्यात रजेवर. अर्ध्या पेशी घेतल्या, बाटलीत खाऊ भरून परत ठेवली. आली की सांगीन.

चोवीस खळग्यांच्या ताटलीत पेशी पसरल्या आणि एकेका खळग्यात बेचाळीस नंबर घातला. धाकटी असती तर म्हणाली असती, कंट्रोल ठेवा, म्हणजे काही खळगे तसेच सोडा, तुलनेला. तिचं हे कंट्रोल-कंट्रोल ऐकून माझे कान किटलेत. जिथे काही घातलंच नाही तिथे बघायचं काय? पण बाविसाव्या खळग्याला कुपी संपली. कोपऱ्यातले दोन राहिले. चालतं.

बुधवार, १९ मार्च. ११.१५
हिरव्या. सगळ्या हिरव्या.

११.५०
वर घाईघाईत एवढंच लिहिलं. आता नीट लिहितो. बऱ्याचशा पेशी मेल्या होत्या, तरंगत होत्या. सहातली एक उरली असेल. पण उरलेल्या शंभर टक्के चमकत होत्या! शंभर टक्के कोणालाच मिळत नाही. साठ मिळाले की लोक पेढ्यासारखे पेपर वाटत फिरतात.

बायकोला कामावर फोन केला. ती म्हणाली, नीट बोल, काही कळत नाहीये. रडत होतो, ते सांगितलं नाही. संध्याकाळी ती शेजारी येऊन बसली. सहा वर्षांत पहिल्यांदाच कधी संपणार असं विचारलं नाही. फार बरं वाटलं.

गुरुवार, २० मार्च
एक बारीकशी अडचण. ते कोपऱ्यातले दोन खळगे. त्यात काहीच घातलेलं नव्हतं आणि त्यातल्या पेशीही हिरव्या. वर एकही मेलेली नाही, टुणटुणीत. सकाळभर डोक्याला ताप.

दुपारी २.३०
सुटलं. माझ्या गोळ्या इतक्या हलक्या आणि चपळ आहेत की त्या शेजारच्या खळग्यांतून उडून तिकडे पोचल्या. आणि तुरळक पोचल्या, म्हणून तिथे पेशी मेल्या नाहीत. सगळं एकमेकांत चपखल बसतं. याला ‘उड्डाण परिणाम’ म्हणायचं ठरवलं. आधी स्वतःचं नाव द्यावं असा विचार होता, पण ते लोक नंतर देतातच.

सोमवार, २४ मार्च
धाकटी परतली. फोटो बघून आधी खूश झाली. मग पेशी कुठल्या वापरल्या विचारलं. म्हटलं, आपल्याच. बाटलीचं सांगणार होतो, तेवढ्यात तिने कंट्रोल मागितला. उड्डाण परिणाम समजावून सांगितला. तिने फोटोत ते दोन खळगे परत शोधून बघितले. मग म्हणाली की दादा, अजून नऊ दिवस आहेत, माझ्यासमोर एकदा परत करू या. मत्सर माणसाला कुठल्या थराला नेतो! दोनदा मिळालं तरच खरं, असा काही नियम आहे का? (आहे. पण वेळ कुठे आहे?) वाद घातला. तो संकल्प एप्रिलपासून धरायचा.

शनिवार, २९ मार्च
सर परतले. विमानतळावरून थेट लॅबमध्ये, डोळे तारवटलेले. स्लाइड्स दाखवल्या. शंभर टक्क्यांवर थांबले, म्हणाले, अरे वा. सहा वर्षांत हे दुसरं अरे वा. पहिलं मी निवड परीक्षेत पास झालो तेव्हाचं. उड्डाणाची स्लाइड मागे ठेवली. थेट समितीपुढे उघडायची, सरांनाही धक्का बसला पाहिजे.

बुधवार, २ एप्रिल. सकाळी ८.१०
पाच वाजून अठ्ठावीस मिनिटांनी जाग आली, गजराच्या आधी. बायकोने शर्ट इस्त्री करून ठेवला होता. छोटी म्हणाली, ऑल द बेस्ट बाबा. आज संपणार सगळं.

संध्याकाळी ५.००
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.

शंभर टक्क्यांची स्लाइड आली तेव्हा अध्यक्षबाई खुर्चीत पुढे सरकल्या. बाहेरून आलेल्या परीक्षक डॉक्टरांनी चष्मा लावला. बाईंनी कंट्रोल कुठे म्हणून विचारलं. मी म्हटलं की याच प्रश्नाची वाट बघत होतो, आणि उड्डाण परिणाम उघडला. बाण-बिण काढले होते, एका खळग्यातून दुसऱ्यात जाणारे. कोणी काही बोलेना. मला वाटलं, भारावलेत. सर खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर सायकल स्टँड आहे फक्त.

मग मागून धाकटीने हात वर केला. बोलू का विचारलं. दादा, पेशी कुठल्या बाटलीतल्या? आता समितीपुढे काय लपवायचं, सांगून टाकलं: दुसरी फळी, हिरवी टिकली. तिने डोळे मिटून घेतले. मग अगदी हळू सांगितलं की त्या पेशींमध्ये तो जीन तिने कायमचा बसवलाय, त्याला तिची दोन वर्षं गेली, टिकली त्याचीच खूण. त्या पेशी कोणी काही न करता हिरव्याच असतात. त्यांची पिल्लंही हिरवीच निघतात.

डॉक्टरांनी शांतपणे कागदावर आकडेमोड केली आणि म्हणाले की म्हणजे तुमच्या गोळीने केलं काय, तर सहातल्या पाच पेशी मारल्या. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

नाव तिथल्या तिथे कमी झालं असतं. धाकटीने गयावया केली. साध्या पेशी ती देईल, प्रयोग तिच्यासमोर, बारा खळगे औषधाचे, बारा कंट्रोलचे, निकाल एका परिच्छेदात कळवायचा. त्यावरून ठरवू, असं अध्यक्षबाई म्हणाल्या. तिच्या बाटलीतून मी न विचारता पेशी उचलल्या आणि तिने माझ्यासाठी शब्द टाकला. तोंड वर करून बघवलं नाही.

गुरुवार, ३ एप्रिल
बायकोला सांगितलं, मुदत मिळाली. खोटं नाही. किती मिळाली हे तिने विचारलं नाही. शर्ट धुवायला टाकताना म्हणाली, चेहरा का असा?

शुक्रवार, ४ एप्रिल
शांत डोक्याने विचार केला. बेचाळीस नंबर चालत नाही, असं समितीत कोणीही म्हटलेलं नाही. हिरव्या पेशींमुळे काहीच सिद्ध झालं नाही, म्हणजे माझं चुकलं हेही सिद्ध झालं नाही. तांत्रिकदृष्ट्या मी आत्ता सहा वर्षांपूर्वी होतो तितकाच आशादायक आहे.

गुरुवार, १० एप्रिल
प्रयोग लावला. धाकटीने आधी वहीत लिहायला लावलं, मग घालायला. हाताखाली शिकाऊ असल्यासारखं. भार अजून थोडा वाढवून घेऊ का, असं विचारलं. तिने नुसतं बघितलं. राहू दे म्हटलं. बारा खळगे बेचाळीस नंबरचे, बारा नुसते. शनिवारी दुपारी बघायचं. आतून वाटतंय की होणार. शंभर नको, दहा टक्के झाल्या तरी चालतील. पाच. दोन चमकल्या तरी मी त्यावर परिच्छेद लिहू शकतो.

शनिवार, १२ एप्रिल
औषधाचे बारा: हिरवी एकही नाही. जिवंत फारशा नाहीत. अर्धा तास एकेक खळगा सरकवत बघत होतो. एक ठिपका हिरवट वाटला, तो भिंगावरचा डाग निघाला, पुसला. धाकटी शेजारी उभी होती, तिने पाणी आणून दिलं.

कंट्रोलचे बारा: उत्तम. भरगच्च वाढलेल्या, एकमेकींना चिकटून, कडेपर्यंत. पुस्तकात छापावा असा फोटो.

समितीचा परिच्छेद मी लिहायला बसलो, तो दोन पानं झाला आणि त्यात मशीनचाही उल्लेख आला. धाकटीने तो बाजूला ठेवून तीन ओळी लिहिल्या. सगळं खरं होतं. सही केली. सरांना फोन केला, या वेळी लागला. ते म्हणाले, टेबल सोमवारपर्यंत रिकामं केलं तरी चालेल, घाई नाही.

घरी आलो. दार बायकोने उघडलं. तिला सगळं सांगितलं, समितीचंही, टिकलीचंही. मग म्हटलं की अगदीच वाया नाही गेलं, बारा खळगे एकदम झकास आहेत, ज्यांना मी हात लावला नव्हता ते. हसेल असं वाटलं होतं. हसली नाही. माझी बॅग खांद्यावरून काढून घेतली आणि म्हणाली, बस.

बसलो.