भारद्वाज गोत्रातली नवी माणसं

८ सप्टेंबर २०२५, उज्जैन

पोचलो एकदाचा. गाडी लेट, पाठीचा पार खुळखुळा झाला, तरी सासरे भय्यासाहेब स्टेशनावर ऑटो थांबवून हजर होते. माझी पिशवी ओढून घेत म्हणाले, जावईबापू, आता टेन्शन घ्यायचं नाही, आरामशीर राहायचं. फ्रीगंजातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये शिरलो तर समोर पोहे-जिलेबी. देवश्री महिन्यापूर्वीच माहेरी आली आहे. नववा लागलाय. पहिलं बाळंतपण माहेरी आणि मलाही काम नेमकं याच गावात, त्यामुळे नाशिकचे मित्र घरजावई म्हणून चिडवतात. चिडवोत. लग्नानंतर नऊ वर्षांनी घरात पाळणा हलणार आहे, आता मला कुणीही काहीही म्हणावं.

काम म्हणजे इथल्या भैरवगढच्या लाकडी ठशांच्या छपाईत एक लांबलचक कापडी पट करून घ्यायचा. एका परदेशी संग्रहालयाला हवा आहे. विषय व्हिएतनाममधला: ह्वे शहरातला राजाचा तटबंदी किल्ला आणि १८८५ मधला फ्रेंचांचा हल्ला. तिथल्या सैन्याने रात्री फ्रेंच छावणीवर तोफा डागल्या, उजाडताच फ्रेंच उलटून किल्ल्यात घुसले. मग दिवसभर जाळपोळ, लूट. बायकापोरं, म्हातारीकोतारी दरवाजांकडे धावली आणि तिथेच चेंगरली, कितीतरी पाण्यात बुडाली. अजूनही त्या तिथीला ह्वेचे लोक रस्त्यावर पेज-मीठ मांडतात, आणि भिजलेल्या जिवांना ऊब मिळावी म्हणून शेकोटी पेटवतात. हे वाचल्यापासून मला ते गाव आवडायला लागलं आहे.

१४ सप्टेंबर

दिवसभर कारखान्यात उभा. तट, तोफा, जळती छपरं छापून झाली. आता दरवाजासमोरची गर्दी. माणसाचा ठसा एकच, तोच पुन्हा पुन्हा मारायचा; त्यामुळे सगळ्यांचा चेहरा सारखा, तोंड उघडं, एक हात पुढे. कारागीर सफाईने मारतात. मी मारला की खांदा भरून येतो. घरी येऊन जेवताजेवता पेंगलो, तर देवश्री म्हणाली, बाळंतीण मी होणार आहे, दमतोस तू.

२० सप्टेंबर

आज पितृपक्षातली चतुर्दशी. शस्त्राने मेलेल्यांची तिथी. सकाळी भय्यासाहेब म्हणाले, इतके दिवस ज्यांना कापडावर छापता आहात, त्यांच्या नावाने ओंजळभर पाणी तरी सोडा, बिचाऱ्यांचं आपल्याकडे कोण आहे. फक्त पिंडाला हात लावू नका, मुलगी नऊ महिन्यांची गरोदर आहे, पाणी चालतं.

रामघाटावर मुंगी शिरायला जागा नव्हती. ऊन चढलेलं. गुरुजींनी आधी माझ्या वडिलांचं, आजोबांचं तर्पण करवलं. मग ह्वेच्या लोकांसाठी पुन्हा दर्भ, काळे तीळ. गोत्र म्हणा, असं सांगून ते पलीकडच्या यजमानाकडे वळले. मी आपलं तोंडात बसलेलं भारद्वाज म्हणून गेलो आणि अंगठ्याकडून पाणी सोडलं. फार बरं वाटलं. घरी येऊन गाढ झोपलो.

२१ सप्टेंबर

सर्वपित्री. भय्यासाहेबांकडे खीर, वडे, आमसुलाची चटणी. आम्ही तिघंच जेवणारे, पण पहिली पानं वाढतावाढताच भाताचं पातेलं रिकामं. भय्यासाहेबांनी दुसरा कुकर लावला. तोही पुरला नाही. ते हसून म्हणाले, जावईबापू, भूक जबरदस्त आहे तुमची! मी एक मूद खाल्ली होती.

दुपारी बैठकीतली फरशी ओली. पुसली. परत ओली.

२३ सप्टेंबर

रंग चढवलेला पट आज कारखान्याच्या हौदात धुतला. तट आहे, तोफा आहेत, आग आहे. गर्दी नाही. दरवाजासमोर कोरं कापड. कारागीर हादरले आहेत. रंग कच्चा नव्हता साहेब, कच्चा असता तर सगळाच गेला असता, असं सांगत राहिले. मला ते पटतं आहे, हीच पंचाईत आहे.

घरी आलो तर देवश्री पलंगावर भिंतीला टेकून बसलेली. म्हणाली, खोलीत माणसं आहेत. ओल्या कपड्यांतली. त्रास देत नाहीत, नुसती तिच्या पोटाकडे बघत उभी असतात. सगळ्यांचा चेहरा एकच. पट तिने अजून पाहिलेला नाही. तिचे पाय चेपत बसलो. भीती वाटते आहे.

२५ सप्टेंबर

गुरुजींना गाठलं. सगळं ऐकून त्यांनी एकच विचारलं, गोत्र कोणतं म्हणालात? भारद्वाज म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. अरे भैया, ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याला काश्यप म्हणायचं असतं, आपलं द्यायचं नसतं! आता ते तुमच्या घरचे झाले.

घरचे म्हणजे काय, मी विचारलं. ते म्हणाले, पितर घराकडे दोनच गोष्टी मागतात. अन्न मागतात, ते जेवले. आणि वंशात पुन्हा जन्म मागतात.

किती जण, असं विचारायचा मला धीर झाला नाही. उद्या काश्यप म्हणून पुन्हा पाणी सोडू, म्हणाले. पण ते गेले पाहिजेत, असंही म्हणाले. इतक्या वर्षांनी घर मिळालेलं कोण सोडतं?

२६ सप्टेंबर

सोडलं पाणी. काश्यप. दहादा म्हटलं. पाणी ओंजळीतून खाली पडेना — अंगठ्याशी येऊन थांबायचं — बोटं फाकवली तरी.

हात जोडून त्यांना सांगितलं, बाबांनो, तुम्ही दमला आहात, कळतं मला. मीही दमलोय. पण ते माझं पोर आहे. एकाचीच जागा आहे तिथे.

घाटावर कुणीतरी माझ्या खांद्यावर ओला हात ठेवला. प्रेमाने. घरच्यासारखा.

२७ सप्टेंबर

खोलीत आता कुणीच नाही, देवश्री म्हणते. फरशी कोरडी.

पोट एका रात्रीत — भय्यासाहेबांनी पाहिलं आणि देवघरात जाऊन बसले. ती झोपू शकत नाही. म्हणते, आत रेटारेटी चालली आहे. मधे एक लहानसं आहे, ते दबतंय. तू त्यांना सांग ना — तुझं ऐकतील —

सांगतोय. दिवसभर सांगतोय. शेकोटी पेटवली गॅलरीत, पेज ठेवली, मीठ ठेवलं. पेज तशीच. त्यांना आता जेवायचं नाही.

२८ सप्टेंबर

दवाखाना. कळा सकाळपासून. हे बाकावर बसून लिहितोय, हात रिकामा ठेवला तर —

डॉक्टरीणबाई आधी म्हणाल्या मशीन बिघडलंय. दुसरं आणलं. मग नर्सला बाहेर पाठवलं. आता माझ्याकडे बघत नाहीत.

मला आत घेतलं, वही हातातच. देवश्रीने हात धरला, म्हणाली, आपलं कुठलं ते ओळख रे, लवकर, आपलं तेवढं —

यंत्र लावलं. ऐकतोय. ठोके — एकावर एक, एकावर एक, पाऊस पडल्यासारखे — यात आपलं — एक बारीक आहे, मागे, ते असेल — तेच असेल — थांबा, ढकलू नका त्याला, ते लहान आहे, बाबांनो, थांबा, आधी त्याला —