कॅसेटवरचा तास

४ जुलै १९८८, आदिलाबाद

स्वरयंत्र काढावं लागणार! नागपूरचे डॉक्टर सरळ बोलले — जीव हवा असेल तर दुसरा इलाज नाही. परतताना बसमध्ये रमा खिडकीकडं तोंड करून बसली. मीनू माझ्या मांडीवर झोपलेली. चार वर्षांची पोर. तिला काय सांगायचं?

७ जुलै

एक सुचलं. टेपरेकॉर्डर! इतिहासाचे सगळे धडे आत्ताच बोलून ठेवायचे. ऑपरेशननंतर वर्गात कॅसेट लावीन, मधे थांबवीन, नकाशा दाखवीन, फळ्यावर लिहीन. प्रिन्सिपल उत्तमराव खूश — “नवी पद्धत आहे, करा!”

१९ जुलै

रोज कॉलेज सुटल्यावर घरी बोलत बसतो. आधी तेलुगूत, मग तेच मराठीत — सीमेकडच्या बेला-जैनथची मराठी पोरं तेलुगूत अडकतात. खोकला आला की टेप बंद. मागे घ्यायचा, पुन्हा बोलायचं. आज रुमालावर रक्त.

मीनू दारात बसून ऐकते. तिला वाटतं, बाबा गोष्ट सांगून राह्यले.

३० जुलै

शेवटचा धडा झाला. उद्या नागपूर.

रमा हळूच म्हणाली, “घरच्यासाठी काईच नाई बोलले तुमी.”

खरंच की! कोरी कॅसेट उरली नव्हती. दुकानंही बंद. मग मीनूला नुसत्याच हाका मारत बसलो. ती वैतागली — “काय हो बाबा!”

६ सप्टेंबर

ऑपरेशननंतरचा पहिला तास. बटण दाबलं. माझा आवाज वर्गभर — आणि मी गप्प उभा! पोरं माझ्याकडं बघत, मग टेपकडं.

पण जमलं. बेल्याची जयवंता शेतातल्या निंदणीमुळं उशिरा आली, तास बुडला. मधल्या सुट्टीत बसून तिनं बुडलेला धडा ऐकला, मागे घेऊन पुन्हा ऐकला. “सर, आता समजलं!” किती दिवसांनी बरं वाटलं.

१० सप्टेंबर

मीनू जवळ येत नाही. गळ्यावरच्या भोकाला घाबरते.

२२ सप्टेंबर

उत्तमरावांनी बोलावलं. “टेप मस्त चाललाय. बटण काय, आपला अटेंडर डोमाजीही दाबेल. तुम्ही लायब्ररीत बसा. आराम पडेल.”

मी पाटीवर लिहिलं — पोरांनी प्रश्न विचारले तर?

ते हसले. “प्रश्न कोण विचारतं हो आजकाल!”

पाटी पुसली. काय करणार? भांडायला तरी आवाज लागतो.

२७ सप्टेंबर

लायब्ररी वर्गाला लागूनच. सगळं ऐकू येतं. आज जयवंतानं मधेच विचारलं, “पण असं काऊन झालं?” सवयीनंच विचारलं असेल.

टेप पुढं बोलतच राहिला. माझाच आवाज — तिचं न ऐकता!

उत्तर मला माहीत होतं. उठलो. दारापर्यंत गेलो. परत येऊन बसलो.

२८ सप्टेंबर

आजही तेच. कोणी काही विचारलं नाही.

३ ऑक्टोबर

रमा डबा घेऊन आली, मीनूला घेऊन. मी व्हरांड्यात गेलो, खाली बसलो, दोन्ही हात पसरले. मीनू दोन पावलं आली. तेवढ्यात वर्गात डोमाजीनं टेप लावला.

तिचा चेहरा असा फुलला! “आई, बाबा तिकडं हायेत!”

अन् माझ्या बाजूनं वर्गाकडं पळत गेली.