हात बाहेर?

प्रिय खुडबुडे,

अनेक आशीर्वाद. मायना नीट घातला म्हणजे माझा राग उतरला असं समजू नकोस. गेले नऊ दिवस तू फोन करतेस आणि मी उचलत नाही. उचलला तर तू मध्येच 'बाबा, ऐका ना' म्हणणार, आणि त्या 'ऐका ना'पुढे माझं काही चालत नाही हे तुला बोबडं बोलत होतीस तेव्हापासून ठाऊक आहे. पत्राला मध्येच तोडता येत नाही आणि तिकडून बटण दाबून बंदही करता येत नाही. तेव्हा आता मुकाट्याने शेवटपर्यंत वाच. जावईबुवांनाही वाचून दाखव, म्हणजे त्यांना कळू दे त्यांच्या विद्येचे काय दिवे लागले ते.

चार महिन्यांपूर्वी तुम्ही दोघं आलात ते तो पांढरा डबा घेऊन. आठ सॉकेटांचा. इथला इंटरनेटचा डबा अधूनमधून रुसतो आणि मग तुम्ही फोनवरून मला 'बंद करा, दहा मोजा, चालू करा' सांगत बसता, तो व्याप नको म्हणून हा उपाय. आता तुमच्या घरी बसून मोबाइलवर बोट टेकवलं की इथलं सॉकेट बंद, परत टेकवलं की चालू. मला केवढं कौतुक वाटलं होतं! जावईबुवा माझ्या कामाच्या टेबलाखाली पालथे पडून वायरी खोचत होते, तू मोबाइलवर एकेका सॉकेटला नाव देत होतीस आणि मी बॅटरी धरून उभा होतो. एक नंबर इंटरनेट, दोन नंबर दारावरचा कॅमेरा, तीन नंबर कोपऱ्यातला दिवा. चार नंबर माझं टेबल. टेबलाचं यात काय काम, असं मी विचारलंसुद्धा. तू म्हणालीस, व्होल्टेज वरखाली झालं तर तुमची उपकरणं सांभाळली जातील. एक्केचाळीस वर्षं रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाला तू व्होल्टेज शिकवलंस आणि मी नंदीबैलासारखी मान डोलावली. पुढचा आठवडाभर येईल त्या गिऱ्हाइकाला वाकवून टेबलाखालचा डबा दाखवत होतो. माझ्या मुलीने बसवलाय म्हणून.

तीनेक महिने सुरळीत गेले आणि मग तो आजार सुरू झाला. संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराला सोल्डरिंग आयर्न हातातच गार पडायचं. डाख अर्धा वितळलेला, वायर अर्धी चिकटलेली, आणि टेबलावरचा दिवाही गेलेला. घरातलं बाकी सगळं व्यवस्थित चालू. मी फ्यूज बदलला. टेबलाची वायर बदलली. प्लग उघडून पिना घासल्या. सकाळी नऊला टेबलाशी येऊन बघावं तर सगळं ठणठणीत. अगं, कायम बिघडलेला सेट बरा, लहान मूलही शोधून काढेल. पण बघायला गेलं की बरा आणि पाठ फिरवली की आजारी, असला बिघाड माणसाला खुळा करतो. मी मीटर घेऊन टेबलाखाली किती वेळा रांगलो ते माझे गुडघे सांगतील. उंदरांवर संशय घेतला, वीज कंपनीला दोनदा फोन केला, खालच्या मजल्यावरच्या शिंप्याशी त्याच्या शिलाई मशीनच्या मोटारीवरून भांडून आलो. तो बिचारा अजून माझ्याशी बोलत नाही.

शेवटी मी टेबलाचा प्लग चारमधून काढून पाचात लावला. दोन दिवस सुखाचे गेले. तिसऱ्या दिवशी साडेपाचला पाचवंही गेलं. तेव्हा माझी खात्री पटली की डब्यातच खोट आहे. भिंतीत थेट लावायला गेलो तर तुझ्या आत्याने हात धरला, पोरीने सांगितलंय थेट लावायचं नाही, व्होल्टेजचं आहे. तुझी आई गेल्यावर ही माझी सख्खी बहीण मला सोबत म्हणून इथे राहायला आली. सोबत कसली, पहारा! पण तेव्हा मला काय ठाऊक. मी तुला फोन केला. म्हटलं, बाई गं, तुझ्या डब्यात काहीतरी गडबड आहे. तू म्हणालीस, "बाबा, डबा ठीक आहे, मला इथून दिसतंय. तुम्हीच काहीतरी चुकीचं लावत असाल."

हे वाक्य मी विसरणार नाही. बाकी सगळं विसरेन कदाचित, हे नाही. तू टेबल चोरून बंद करत होतीस त्याचा राग निराळा. पण मी अगतिक होऊन विचारलं तेव्हा तू मला माझ्याच हातांवर संशय घ्यायला लावलास. आणि मी घेतला. का नाही घेणार? माझी मुलगी सांगतेय, माझ्यापेक्षा चार बुकं जास्त शिकलेली. त्या दिवसानंतर मी साध्या साध्या गोष्टी दोनदा तपासायला लागलो. लाल वायर लाल आहे ना, हे उजेडात नेऊन बघायला लागलो.

त्यातच पोस्टमनचा रेडिओ आला. आपल्या भागात तीस वर्षं टपाल वाटलेला तो माणूस, तुझे निकाल ज्याने घरी आणून दिले तो. आता त्याला दिसत जवळजवळ नाही. दिवसभर रेडिओ हेच त्याचं माणूस. सेट खरखरत होता, बातम्या ऐकू येत नव्हत्या. मी तीन दिवस त्याच्याशी झटलो. सकाळी येणारी-जाणारी माणसं गप्पा मारायला बसतात, खरं काम दुपारनंतर होतं, आणि हाताला काही लागतंय असं वाटलं की टेबल मरायचं. तिसऱ्या दिवशी मला कळेना की बिघाड सेटमध्ये आहे, टेबलात आहे की माझ्या डोक्यात. चौथ्या दिवशी मी तो सेट फडक्यात गुंडाळून परत नेऊन दिला. म्हटलं, माझ्याच्याने नाही होत, दुसरीकडे दाखवा. एक्केचाळीस वर्षांत हे वाक्य मी पहिल्यांदा बोललो. तो हाताने सेट चाचपत म्हणाला, तुमच्याच्याने नाही तर मग कोणाच्याने? मी जिना उतरलो. घरी येऊन आत्याला म्हणालो की आता घरातलं हे दुकान बंद करतो, हत्यारं कोणाला तरी देऊन टाकतो. तिने माझ्यापुढे चहा ठेवला आणि तोंड फिरवून भांडी आवरायला लागली. मला वाटलं, बिचारीला वाईट वाटलं.

आणि मग गेल्या आठवड्यातल्या मंगळवारी देवाने तुझी फजिती केली. साडेपाचला आत्याने तुला नेहमीप्रमाणे कळवलं, हा अजून टेबलाशी बसलाय म्हणून, आणि तू कुठल्याशा गडबडीत पाचऐवजी एक नंबर बंद केलास. म्हणजे इंटरनेटच. ज्या तारेवरून डब्याला हुकूम द्यायचा ती तारच तू कापलीस, आता डबा तुझं ऐकणार कसा? आत्याचं मोबाइलवरचं नाटक बंद, कॅमेरा आंधळा. इंटरनेटचा प्लग त्याच डब्यात लावण्याची चूक माझ्या दुकानात पहिल्या वर्षाच्या पोरानेही केली नसती, आणि जावईबुवा म्हणे याच कामाचा पगार घेतात! चार महिन्यांत इंटरनेट एकदाही रुसलं नाही म्हणून हे आधी उघडं पडलं नाही, इतकंच. मग तुला साधा फोन करावा लागला. बाबा, इंटरनेटचा प्लग डब्यातून काढून भिंतीत लावा. मी विचारलं, का, काय झालं? तू म्हणालीस, चुकून बंद झालं. मी म्हटलं, आपोआप? मग तुझ्या तोंडून निघालं, "एक नव्हतं करायचं, पाच करायचं होतं."

पाच म्हणजे माझं टेबल. मी फोन ठेवला. आत्याकडे बघितलं. ती म्हणाली, तुझ्याच भल्यासाठी. तिने सगळं सांगितलं: महिनाभरापूर्वी आयर्न चालू राहिलं होतं आणि टेबलाची कड जळली होती, ते तिने तुला कळवलं, मग तुम्ही दोघींनी हा बेत केला. प्लग पाचात गेल्याची चुगलीही तिचीच. बरं, राहिलं चालू. एकदा. कोणाचं राहत नाही? तुझ्या आत्याचं दूध आठवड्यातून दोनदा उतू जातं, तिची शेगडी कोणी बंद केली का तिकडून? आणि सांगायचंच होतं तर मला तोंडावर सांगायचं होतं. मी ओरडलो असतो, दोन दिवस जेवलो नसतो, पण ऐकलं असतं. तुम्ही मला माणसातून उठवून सॉकेटात बसवलंत, चार नंबरला.

तुला दुकानाचा पहिला नियम आठवतो का? तू आठ वर्षांची होतीस. शाळेतून येऊन माझ्यासमोर स्टुलावर बसायचीस आणि जुन्या सेटांची पोटं उघडून खुडबुड करायचीस, तिथूनच तुझं हे नाव पडलं. मी तुला हातात स्क्रू ड्रायव्हर देण्याआधी एकच गोष्ट शिकवली होती. ज्याच्यावर दुसऱ्याचा हात आहे त्याचं बटण त्याला विचारल्याशिवाय दाबायचं नाही. चालू करताना नाही आणि बंद करतानाही नाही. आधी विचारायचं, 'हात बाहेर?' समोरच्याने 'बाहेर' म्हटलं की मग दाबायचं. तू तो नियम इतका मनावर घेतलास की आई घरातला दिवा मालवायला निघाली तरी तू पुस्तकातून ओरडायचीस, 'आधी विचार!' आई हसून विचारायची आणि तू दोन्ही हात वर करून 'बाहेर' म्हणायचीस. त्या पोरीने माझा हात आत असताना बटण दाबलं. रोज. तीन आठवडे.

त्या मंगळवारी मी डबा उपटून कोपऱ्यात फेकला आणि टेबल भिंतीत थेट लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टमनकडे जाऊन रेडिओ परत मागून आणला. वीस मिनिटं लागली, खुडबुडे. एक कंडेन्सर सुकला होता, बस. नवा बसवला, आणि बातम्या अशा खणखणीत आल्या की आत्या बाहेरच्या खोलीतून बघायला आली. मी तिच्याशी बोललो नाही. दुपारी तिच्या मैत्रिणीकडे जायला निघाली तेव्हाही बोललो नाही. मग सेट काखेत मारून पोस्टमनकडे गेलो. त्याने आवाज लावला, चेहरा असा उजळला, आणि आम्ही दोनदा चहा घेतला. मी त्याला तुझी सगळी गाऱ्हाणी सांगितली, मीठमिरची लावून. हसत हसत घरी आलो.

इथून पुढचं जावईबुवांना वाचून दाखवू नकोस. आत्यालाही कळवू नकोस.

दार उघडलं तर खोलीत धूर. आयर्न चालूच होतं. घसरून दुरुस्तीच्या वहीवर पडलं होतं. कुठल्या सेटला काय आजार झाला आणि काय केल्याने बरा झाला, ते मी पहिल्या दिवसापासून लिहीत आलोय ती वही. निम्मी जळली होती आणि खालचं फळकूट धुमसत होतं. मी पाणी ओतलं, खिडक्या उघडल्या, फळकूट उलटं करून बसवलं आणि आत्या यायच्या आत फरशी पुसली. तिला सांगितलं, वायर जळाल्याचा वास आहे. वर मी 'एकदा' लिहिलंय ना, ते खोटं आहे. तुला माहीत असलेलं एक, मग आत्या देवळात गेली होती तेव्हाचं एक, आणि हे तिसरं. आणि मला सगळ्यात भीती कशाची वाटली सांगू? आयर्न चालू ठेवल्याचं मला आठवत नव्हतं, हे तर झालंच. पण मी बंद केलं होतं, हे मला स्वच्छ आठवत होतं. बटण दाबलेलं बोटाला आठवत होतं.

म्हणून हे पत्र. राग आहेच, तो राहणार, त्यातला एक शब्द मी मागे घेत नाही. पण आज सकाळी तो डबा कोपऱ्यातून उचलून, पुसून, मी स्वतः टेबलाखाली बसवलाय. इंटरनेटचा प्लग भिंतीत थेट ठेवलाय, तो पुन्हा डब्यात जायचा नाही. टेबल चार नंबरला. रोज साडेपाचला तू फोन कर. बाकी चौकशी नको, नुसतं विचार, "हात बाहेर?" मी हातातलं काम ठेवून 'बाहेर' म्हणेन, मग तू बंद कर. कधी म्हणेन, थांब, दहा मिनिटं दे, तर द्यायची. फोन उचललाच नाही तर बंद करून आत्याला कळव. आणि ज्या दिवशी तू 'हात बाहेर?' विचारशील आणि मी तुला विचारेन की म्हणजे काय, त्या दिवशी माझ्याशी वाद घालू नकोस, मला समजावत बसू नकोस. चार नंबर बंद कर, परत चालू करू नकोस, आणि मिळेल त्या गाडीने घरी ये.

तुझाच, अजून रागावलेला,
बाबा