पुजलेला पट्टा

॥ श्री ॥
शनिवार पेठ, पुणे
आश्विन शु. १५, शके १७१०

चि. यज्ञेश्वर यास थोरल्या बहिणीचे अ. आ. वि. वि.
सर्व क्षेम आहे असे लिहायची रीत आहे, पण मला खोटे लिहिता येत नाही. परवा सकाळी आपल्या गेनबा न्हाव्याने श्मश्रू करताना श्रीधरच्या हनुवटीखाली वस्तरा मारला. तीन बोटे लांब जखम. वैद्य म्हणाले, नाडी केसभराने वाचली. दुसऱ्याच दिवशी लेकरू सरकारी फडावर कारकुनीला रुजू व्हायचे होते. आता आठ दिवसांत उभा राहिला नाही, तर ती जागा आमच्या चुलत दिरांच्या, आप्पासाहेबांच्या मुलाला मिळेल. बघ, कसे जुळते ते.

दसऱ्याला आप्पासाहेबांनी भर रस्त्यात गेनबाला हसून सोने दिले. हे मी खिडकीतून पाहिले. आणि त्या सकाळी गेनबाने आमच्या पडवीत खुंटीवर कायम टांगलेला त्याचा चामडी पट्टा हातात घेतला, त्यावर वस्तरा दोनदा परजला आणि थांबला. म्हणे, आज राहू द्या, उद्या येतो. मी विचारले, उद्या काय पोराने दाढीचे खुंट घेऊन फडावर जायचे? तेव्हा पट्ट्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मुकाट बसला. ज्याच्या पोटात काही नाही, तो इतका गप्प बसत नाही.

आता तो चावडीवर आहे. वद्य पंचमीला माझी जबानी झाली, की बायकापोरांसकट शहराबाहेर काढतील. बावीस वर्षे घरी येतो, म्हणून काय झाले? यजमान गेल्यापासून दर पंधरवड्याला माझे डोके त्याच्याच वस्तऱ्याखाली असते. आठवले की अंगावर काटा येतो.

खंडेनवमीला मी स्वतः उभी राहून विळी, अडकित्ता, यजमानांची तलवार, अगदी खुंटीवरच्या त्या पट्ट्यापर्यंत सगळे धुवून पुजून घेतले होते. तरी चौथ्या दिवशी हे! पट्टा कडक झाला आहे, वासही वेगळाच. विष चोपडले असणार. तुमच्या वाघोलीत न्हाव्यांचे जुने पट्टे नीट करणारा म्हातारा भैरू आहे ना? दोन काटक्यांनी उचलून पट्टा पाठवला आहे. कोणते विष ते विचारून लिही.
मथुराबाई

॥ श्री ॥
वाघोली
आश्विन व. २

ती. अक्का यांस यज्ञेश्वरचा सा. न. वि. वि.
श्रीधरला आराम पडो. भैरूने पट्टा हुंगला आणि हसला. मग शिंपल्याने वरचा थर खरवडला, तेव्हा हसायचा थांबला. चामड्यात लाल-पिवळे कण रुतले आहेत आणि त्यात तांदळाचे तीन दाणे. अक्षता घालून केलेले विष त्याने ऐंशी वर्षांत पाहिलेले नाही.

तो म्हणतो, पट्ट्याला पाणी लागले की चामडे मेले. त्यावर हळदकुंकवाचे खरखरीत कण. अशा पट्ट्यावर जितके परजावे तितके धारेला करवतीसारखे दाते पडतात. मग वस्तरा ओढतो, अडकतो आणि निसटतो. न्हाव्याला हे बोट लावताच कळते. उद्या येतो म्हणाला तो स्वतःच्या घरचा दुसरा पट्टा आणायला, असे त्याचे मत.

आप्पासाहेबांनी दसऱ्याला मलाही सोने दिले होते. माझी मान अजून जागेवर आहे. जबानीपूर्वी एवढे पाहावे, ही विनंती.
आपला यज्ञेश्वर

॥ श्री ॥
पुणे
आश्विन व. ३

चि. यज्ञेश्वर यास अ. आ.
वाघोलीची हवा तुला फार मानवलेली दिसते. पूजेत खोट काढतोस? तरी सुनेला बोलावून विचारले, की कुंकू तूच जास्त थापलेस ना? मैना आधी रडली. मग सहा वर्षांत प्रथमच उलटून बोलली. पट्टा ती पाण्यात घालतच नव्हती म्हणे. मीच म्हणाले होते, चामडे विटाळाचे, पुजायचे तर दोनदा धू.

म्हणाले होते. मला आठवते.

पण गेनबाला ठाऊक होते, तर चावडीवर इतके दिवस तोंड का उघडले नाही? यात अजून काहीतरी आहे. भैरूला विचार.
मथुराबाई

॥ श्री ॥
वाघोली
आश्विन व. ४

ती. अक्का यांस सा. न. वि. वि.
विचारले. भैरू म्हणतो, काय सांगायचं त्यानं? बाईसाहेबांच्या पूजेनं पोराचा गळा कापला, असं? देवकार्याला नाव ठेवणाऱ्या न्हाव्याला ती पडवी बंद होते आणि शेजारच्या दहा पडव्याही.

पट्टा सोबत आहे. खरवडून, सावलीत वाळवून त्याने तेलाचे दोन थेंब जिरवले. पुढचे काम उघड्या तळव्याचे. हाताच्या उबेने चामडे मऊ होईपर्यंत चोळायचे. फडके चालत नाही. त्याचे हात आता थरथरतात. दुसरे कोणी करील असे मी म्हणालो. कोण, ते सांगितले नाही. उद्या पंचमी आहे.
यज्ञेश्वर

॥ श्री ॥
पुणे
आश्विन व. ५

चि. यज्ञेश्वर यास अ. आ. वि. वि.
जबानी दिली. पूजा मी सांगितली, पट्टा मी धुवायला लावला, नको म्हणत असता वस्तरा मी धरायला लावला. कारकुनाची लेखणी थांबली. हेही लिहायचे का, म्हणाला. मी म्हटले, लिहा आणि मला दाखवा. आपण दोघे एकाच पाटीवर शिकलो, हे त्याला काय ठाऊक! मागे आप्पासाहेब खोकत होते. हसू दाबायची त्यांची जुनी रीत.

गेनबा सुटला. पाया पडला नाही, आभार मानले नाहीत. पट्टा कुठे आहे, एवढेच विचारले.

पट्टा माझ्याकडे आहे. कालपासून चोळते आहे. चार वेळा स्नान झाले. मैना मोजते आहे आणि तोंड फिरवून हसते आहे. तळवा सोलला, पण चामडे आता वाकते.

श्रीधरची जखम भरते आहे. जागेचे अजून कळत नाही. गेनबाच्या हाताखाली पुन्हा बसणार नाही म्हणतो. त्याचे चूक नाही, संशय त्याने माझ्याकडूनच घेतला. म्हणून उद्या सकाळी गेनबाला बोलावले आहे. याच पट्ट्यावर वस्तरा परजून तो आधी माझ्या डोक्यावरून फिरवील. श्रीधरला समोर पाट मांडून बसवणार आहे.

भैरूला शेर-दोन शेर गूळ दे, माझ्या नावाने. तुझा लोभ आहे तसा असू दे, मात्र शहाणपण बेताने शिकव. आणि उद्या काही झालेच, तर या खेपेला संशय कोणावर घ्यायचा ते तुला ठाऊक आहे.
मथुराबाई